गड्डा, हुरडा आणि मागायची लाज

आमच्या आईचं माहेर सोलापूरचं, उत्तर कसब्यातलं, म्हणजे जिथून सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात त्या हिरेहब्बू वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि लग्न होऊन पुण्याला आल्यापासून बाई एकदाही गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, गेलेली नव्हती. संक्रांत म्हटलं की सासरचं हळदीकुंकू, वाणं, कुणाचं ना कुणाचं बाळंतपण, नंतर आमच्या परीक्षा, मग बाबांचं आजारपण. दर जानेवारीला टीव्हीवर यात्रेची बातमी लागली की ती हातातलं काम सोडून समोर येऊन उभी राहायची, बातमी संपली की परत आत, तोंडातून शब्द नाही.

यावर्षी खरं तर जाण्यासारखी परिस्थिती अजिबातच नव्हती. नवऱ्याची कंपनी दिवाळीच्या आधी बंद पडली, तो सध्या मित्राच्या दुकानात बसतो. फ्लॅटचा हप्ता चालू आहे. डिसेंबरमध्ये लेकीची फी भरायला मी माझी पेटी विकली. म्हणजे हार्मोनियम, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कपड्यांची पेटी विकली. पण एक सांगते, या सगळ्यात आमचं अडलं असं नाही. हप्त्याच्या आदल्या दिवशी कुठून तरी पैसे येतात, दिरांनी न मागता पाठवले, एक जुनी भिशी निघाली, किराणावाल्याने स्वतःहून म्हटलं पुढच्या महिन्यात द्या. आई म्हणते देव आहे. मी पण म्हणते. पण माझं म्हणणं एवढ्यावरच थांबायचं, पोटापुरतं देव बघतो, बास. आमच्या घरात आजीने आम्हाला शिकवलेलंच असं, देवापुढे उभं राहून आरोग्य मागा, सुबुद्धी मागा, हौस मागू नका, हौस मागणारं माणूस हलकट. त्यामुळे पेटी विकल्यावर मला जे काय वाटलं ते मी देवाला पण सांगितलं नव्हतं.

तर अशा टायमाला मामाचा फोन आला की या सगळ्या, तिकिटं मी काढतो. आईने पहिल्यांदा नको नको केलं आणि पाचव्या मिनिटाला बॅग काढली.

दिवस पहिला, १२ जानेवारी

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस. मी, आई आणि लेक. नवरा स्टेशनवर सोडायला आला, जाताना म्हणाला सिद्धेश्वराला माझा बायोडेटा दे. तो देवबिव फारसा मानत नाही, पण नाहीच म्हणायचीही त्याची तयारी नाही, बहुतेक नवऱ्यांसारखं.

गाडीत लेकीने विचारलं हुतात्मा म्हणजे कोण. मला चार हुतात्मे एवढंच ठाऊक होतं, आईला मात्र नावं तोंडपाठ, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला होता आणि या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. म्हणजे बरोबर आजचीच तारीख. समोरच्या सीटवरचे काका मोबाईल बाजूला ठेवून ऐकायला लागले, मग आईला अजून चेव आला, कुर्डुवाडी येईपर्यंत गिरण्यांचा अख्खा इतिहास झाला, भोंगे किती वाजता व्हायचे इथपासून. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, मग बाकीच्या, मग एकेक करून बंद. आईचे वडील गिरणीतच होते. गिरणी बंद झाली तेव्हा आजी शेजारच्या पद्मशाली बायकांबरोबर विड्या वळायला बसली आणि त्या विड्यांवर घर चाललं. आई म्हणाली, एक दिवस उपाशी झोपलो नाही आम्ही. मी म्हटलं पण हौसमौज? तर म्हणे, हौस कसली, विडीचा तंबाखू अंगाला वास मारायचा तेवढंच.

स्टेशनवर मामा आला होता. रिक्षात बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "उद्या पाणी येऊलालंय, सकाळी लवकर आंघोळी उरका." सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली वाटीसुद्धा भरून ठेवतात. मामीने रात्री अकराला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. कडक भाकरी पुण्यात पाकिटात मिळते ती वेगळी आणि ही वेगळी, याच्यावर मी वाद घालणार नाही.

दिवस दुसरा, भोगी

पहाटे पाणी भरण्यात मी पण होते. टाकी, पिंप, बादल्या, कळशा, तांब्ये. गंमत म्हणजे पाणी भरून झालं आणि मामा आम्हाला घेऊन तळं बघायला निघाला, असं तळं की गाव पाण्यासाठीच ओळखलं जावं. सिद्धेश्वराचं मंदिर तळ्याच्या मधोमध आहे, शेजारी भुईकोट किल्ला. हे तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे ज्यांना सिद्धेश्वर म्हणतात त्यांनीच, भक्तांना बरोबर घेऊन खोदलं असं मानतात. मला हे फार आवडतं की एवढा मोठा योगी, वचनं लिहिणारा, आणि त्याने काय केलं तर लोकांना घेऊन माती उपसली. देव पाणी देतो म्हणजे कसं देतो हे इथे काठावर उभं राहिलं की कळतं, कुणीतरी आधी खोदावं लागतं.

आज ६८ लिंगांना तैलाभिषेक. सिद्धरामांनी गावाच्या चहूबाजूंनी ६८ लिंगं स्थापन केली, त्या सगळ्यांपर्यंत सात नंदीध्वज वाजतगाजत जातात. नंदीध्वज म्हणजे साधारण तीस फूट उंच सजवलेला बांबू, एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरतो आणि चालतो. मी अगदी जवळून बघितलं. धरणारा मुलगा असेल पंचवीसचा, पांढरी बाराबंदी घामाने पाठीला चिकटलेली, मान पूर्ण वर, नजर शेंड्यावर, रस्त्याकडे बघतच नव्हता. त्याच्या चारही बाजूंनी माणसं हात पसरून चालत होती, पुढचा माणूस उलटा चालत त्याला आवाजाने सांगत होता, खड्डा, वायर, वळण. लेक म्हणाली पडला तर? मामा म्हणाला, "पडू देत नाहीत की गं, एवढी माणसं कशाला चाललीत मग."

बाळीवेशीत मल्लिकार्जुन मंदिराजवळ एका दुकानाच्या पायरीवर बसून मामाने लेकीला गोष्ट सांगितली, सोलापुरातल्या प्रत्येक पोराला ही माहीत असते. सिद्धराम लहान असताना रानात होता, तिथे श्रीशैलचा मल्लय्या, म्हणजे शंकर, जंगमाच्या वेषात आला आणि म्हणाला भूक लागली, हुरडा दे. पोराने भाजून दिला. खाल्ल्यावर मल्लय्या म्हणाला पोटात आग पडली रे, आता दहीभात पाहिजे. पोरगं घरी पळालं, आईकडून दहीभात घेऊन आलं, बघतो तर जंगम गायब. मग ते मल्लय्या मल्लय्या करत रडत फिरलं, यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलला गेलं, तिथेही दिसेना म्हणून कड्यावरून उडी टाकायला निघालं तेव्हा देवाने हात धरला. लेकीचा प्रश्न एकच, दहीभाताचं काय झालं? मामाला उत्तर आलं नाही. मला पण नाही. पण तो प्रश्न डोक्यात राहिला, पुढे लिहिते.

दुपारी भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी. जेवून झाल्यावर मामाने जुना अल्बम काढला त्यात त्याचं एलआयसी एजंट असतानाचं व्हिजिटिंग कार्ड निघालं, त्यावर दोन हातांच्या मध्ये दिवा आणि खाली गीतेतली ओळ, योगक्षेमं वहाम्यहम्. नवव्या अध्यायातली. म्हणाला, "देव म्हणतो तुमचं मी वाहतो, आणि मी दारोदार जाऊन सांगायचो, वाहतो पण प्रीमियम वेळेवर भरा." आई एवढी हसली की ठसका लागला.

दिवस तिसरा, संक्रांत आणि अक्षता

ज्याच्यासाठी आलो तो दिवस, यात्रेतल्या लग्नाचा.

आईने मामीची इरकल नेसली, नाकात नथ, हातात अक्षतांची पुडी. गुडघा दुखतो म्हणून आम्ही सकाळीच निघालो तरी संमती कट्ट्याच्या, म्हणजे हे लग्न जिथे लागतं त्याच्या, आसपास पाय ठेवायला जागा नव्हती. कर्नाटकातून, तेलंगणातून, आंध्रातून माणसं. मराठी, कन्नड, तेलुगू सगळं एकात एक मिसळलेलं. आई माहेरच्या वळणाने कन्नडमध्ये घुसली आणि दोन मिनिटांत विजापूरकडच्या एका आजींच्या पथारीवर बसली पण. मी आणि लेक मागे उभ्या.

या लग्नाची गोष्ट अशी. सिद्धरामांच्या अंगणात एक कुंभाराची मुलगी रोज सडा-रांगोळी करायची. तिच्या मनात आलं की लग्न करीन तर यांच्याशीच. ते योगी, लग्न करणार नाहीत. पण तिला हाकलून दिलं नाही, काय हे खुळ्यासारखं मागतेस असं म्हटलं नाही, म्हणाले माझ्या योगदंडाशी लग्न कर. तेच लग्न दरवर्षी लागतं, नंदीध्वज त्याचं प्रतीक. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले आणि दरवेळी मला ती अर्धवट वाटायची, हे काय देणं झालं, नवरा मागितला आणि काठी दिली. आज तिथे उन्हात उभं राहून विचार करत होते की शेकडो वर्षं झाली, राजे गेले, गिरण्या गेल्या, आणि एका कुंभाराच्या पोरीच्या मनातल्या इच्छेसाठी लाखो लोक अक्षता घेऊन उन्हात उभे आहेत. हे काठी मिळण्यापेक्षा जास्त आहे की कमी, मला ठरवता येईना.

दुपारी सातही नंदीध्वज आले. सुगडी पूजन झालं, कन्नडमधलं संमती वाचन सुरू झालं, लाऊडस्पीकरवर सत्यम् सत्यम् दिड्यम् दिड्यम् ऐकू आलं की सगळीकडून अक्षता उडायच्या. एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय. अंगावर काटा येतो हे लिहून कळणार नाही.

आता खरं सांगायचं तर आईला काहीही दिसलं नाही. पुढे उंच माणसांची भिंत. तिने टाकलेल्या अक्षता एकूण एक पुढच्या काकांच्या टोपीवर आणि शर्टाच्या कॉलरमध्ये गेल्या, काकांनी दोनदा मागे वळून बघितलं. मला इतका राग आला, एवढी वर्षं वाट बघितली आणि हे. मी म्हटलं आई चल मी तुला पुढे नेते, धक्के देत नेते. तर ती म्हणे कशाला गं, झालं की लग्न. तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. मला वाटलं आपल्याला समजावायला म्हणते, पण संध्याकाळी मामीला फोडणी देता देता सगळं वर्णन करून सांगत होती, जसं काही पहिल्या रांगेत बसली होती.

नंतर होम मैदानावर गड्डा. पाळणे, मौत का कुआँ, भांडी, भगर, रेवड्या, प्लास्टिकची खेळणी, एका रांगेत दहा दुकानं फक्त बांगड्यांची. लेकीने मंदिरात हात जोडून मोठ्या आवाजात देवाला सांगितलं होतं, मला मोठ्या पाळण्यात बसायला मिळू दे, आणि लगेच वळून आजीला सांगितलं, तुझ्याकडे सुट्टे आहेत ना. मी ओशाळले. आई म्हणाली ओशाळतेस काय, पोरीला बरोबर कळतं की देव कुणाच्या पिशवीतून देतो. पाळण्याची रांग अर्धा तास, चक्कर तीन मिनिटांची, खाली उतरल्यावर पोरगी हिरवी पडलेली. परत बसायचंय म्हणाली.

दिवस चौथा, अक्कलकोट

एसटीने गेलो, साधारण चाळीस किलोमीटर. या दिवसाबद्दल फार लिहीत नाही कारण अक्कलकोटवर सगळ्यांनी लिहून झालंय. वटवृक्ष मंदिर, मग स्वामींचे भक्त चोळप्पा यांच्या घराजवळचा समाधी मठ. स्वामी समर्थ १८५७ च्या सुमारास इथे आले आणि १८७८ ला समाधी घेईपर्यंत इथेच. भिऊ नकोस मी तुझ्या पाठीशी आहे ही पाटी येताना रिक्षांवर इतक्या वेळा वाचली की मंदिरात पोचेपर्यंत पाठ सरळ झाली होती.

पण अन्नछत्राबद्दल सांगायलाच हवं. १९८८ पासून चालू आहे, येईल त्याला जेवण. रांगेत आमच्या पुढे एक फॉर्च्युनर घेऊन आलेलं कुटुंब आणि मागे अनवाणी चालत आलेले दोघं म्हातारे, आत एकाच पंगतीत. कुणी विचारत नाही की बाबा तुला गरज आहे का. वाढणारा पोरगा गोडाचं पातेलं घेऊन आला, मी एकदा घेतलं, परत आला, मी नको नको म्हणत ताटावर हात धरला. तो थांबला, म्हणाला, "ताई, खरंच नको का लाजताय?" मी हात काढला.

रात्री यात्रेतला होम होता, मामा-मामी गेले, आम्ही तिघी झोपलो. नवऱ्याचा मेसेज होता, एका ठिकाणी इंटरव्ह्यू झाला, कळवतो म्हणालेत. कळवतो म्हणालेत याचा अर्थ आम्हाला आता पाठ झालाय.

दिवस पाचवा, मंगळवेढा

मामाच्या एका दोस्ताचं मंगळवेढ्याजवळ रान आहे, हुरड्याचं बोलावणं. बेगमपूर-माचणूरच्या पुलावरून भीमा ओलांडली आणि पुढे काळी जमीन सुरू झाली. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्धच, २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पेरणी झाल्यावर या पिकाला फारसा पाऊस नसतोच, काळ्या मातीने धरून ठेवलेली ओल आणि थंडीतलं दव, त्यावर डोक्याच्या वर वाढलेली ताटं. काका म्हणाले आमच्याकडे शेतकऱ्याने एकदा पेरलं की वर बघायचं आणि गप बसायचं. मी मनात म्हटलं माझं पण तेच चाललंय.

आगटी केलेली होती, गोवऱ्यांचा विस्तव. कणसं निखाऱ्यात घालायची, हिरव्याची जरा काळी झाली की काढायची, आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. इथे माझी शहरी कातडी उघडी पडली, काकू सटासट चोळून फुंकर मारून हिरवे लुसलुशीत दाणे ताटलीत टाकत होत्या आणि मी एक कणीस या हातातून त्या हातात उडवत होते. बरोबर शेंगाचटणी, लसणाची चटणी, गूळ, बोरं. मी किती खाल्ला माहीत नाही. आणि मग, हे अगदी खरं, पोटात ऊब चढली, घशाला कोरड पडली आणि तोंडातून आपोआप निघालं, काकू दही आहे का हो?

लेक खाऊ टाकून माझ्याकडे बघायला लागली. "मम्मी, मल्लय्या!"

तेव्हा मला ते दिसलं. हुरडा मागितला ती भूक होती. ती भागली होती. दहीभाताशिवाय काही मल्लय्याचा जीव जाणार नव्हता. तो त्याला खावासा वाटला म्हणून मागितला. देवाने. एका गुराख्या पोराकडे. आणि ते पोरगं म्हणालं नाही की बाबा तुझं पोट भरलंय आता अजून काय पाहिजे, ते पळत सुटलं. ज्या देवाला स्वतःला भुकेनंतर दहीभात मागायची लाज वाटली नाही त्याच्यापुढे मी पेटी मागायला लाजते म्हणजे मी देवापेक्षा शहाणी की काय. आजीचं शिकवणं मी एवढी वर्षं भक्ती समजत होते. विड्या वळणाऱ्या बाईला हौस मागायची सोय नव्हती, ते बिचारीने नियम करून टाकलं. तिचं मी समजू शकते. पण मी ते पुढे माझ्या पोरीला का द्यायचं?

हा सगळा विचार मी दह्याची वाटी हातात धरून करत होते, काकूंना वाटलं दही आंबट आहे.

दुपारी गावात दामाजीपंतांच्या मंदिरात गेलो. पंधराव्या शतकातली गोष्ट, मंगळवेढं बहामनी राज्यात होतं, दामाजी सरकारी अंमलदार, दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, तेव्हा त्यांनी बादशाहाचं धान्याचं कोठार उघडून वाटून टाकलं. बिदरहून पकडायला शिपाई आले. आणि दामाजी पोचायच्या आत विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बिदरला गेला, धान्याची सगळी रक्कम भरली, रीतसर पावती घेतली. मला त्यातली पावती फार आवडते. देव आला आणि चमत्कार करून गेला नाही, हिशोब पूर्ण करून गेला. आणि बघा, भुकेल्यांना जे मिळालं ते आकाशातून पडलं नाही, एका माणसाने नोकरी आणि जीव पणाला लावून किल्ली फिरवली.

पण त्याच मंगळवेढ्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला तिथे बसून आठवल्याशिवाय राहिली नाही. चोखोबा याच गावचे. गावकुसाच्या भिंतीचं काम चालू होतं, वेठबिगारीवर माणसं लावलेली, भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. १३३८ साल सांगतात. नामदेव आले, हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येतंय ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारात समाधी दिली. म्हणजे ज्या गावच्या अधिकाऱ्यासाठी विठोबा महार होऊन बिदरपर्यंत गेला, त्याच गावात शंभरएक वर्षांआधी त्याचाच महार भक्त भिंतीखाली गेला तेव्हा कुणी पावती आणली नाही. मी मामाला विचारलं. मामा एरवी सगळ्यावर बोलतो, यावर गप्प. याचं उत्तर माझ्याकडे नाही. "देवाची लीला" असं जे पटकन म्हणतात त्यांच्याशी माझं जमत नाही. एवढं मात्र आहे की चोखोबा स्वतः गप्प बसणारे नव्हते, त्यांच्या अभंगांत विठोबाशी सरळ सरळ भांडण आहे, जाब विचारणं आहे. भरवसा असलेल्या माणसाशीच माणूस असं भांडतो.

संध्याकाळी देवळात बायकांचं भजन होतं. सात-आठ जणी, टाळ, एक मृदंग, एक पेटी. आम्ही मागे बसलो. पेटीवाल्या ताई वाजवता वाजवता चष्मा सारखा वर करत होत्या. दोन भजनं झाली आणि मामाने, ज्याला लाज हा प्रकारच देवाने दिला नाही, मोठ्यांदा सांगितलं, आमची भाची वाजवती की, लई छान वाजवती. मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. ताईंनी पेटी चक्क माझ्याकडे सरकवली, म्हणाल्या बरं झालं बाई, मला टाळ वाजवायचाच होता.

साधी देवळातली पेटी. भाता एका बाजूने गळत होता म्हणून डावा हात दुप्पट चालवावा लागत होता, मध्यातली एक पांढरी पट्टी दाबली की वर यायचीच नाही, बोटाने उचलावी लागायची, काळी चार जरा खाली लागलेली. पहिला एक अभंग मी नुसती चाचपडत होते, महिन्याभरात बोटं एवढी विसरतात. दुसऱ्याला लागलं. मग किती वाजलं ते मला कळलं नाही. आई मागे बसून टाळ्या वाजवत होती आणि लेक झोपली होती माझ्या पदरावर.

मी पेटी मागायची ठरवली होती दुपारी, आणि संध्याकाळी पेटी माझ्यापुढे. पण माझी नाही. तासाभराने परत केली. याला मिळालं म्हणायचं की नाही यावर रात्री परत येताना जीपमध्ये बराच विचार केला. कुंभाराच्या पोरीशी जाऊन बोलावंसं वाटलं. सोलापुरात त्या रात्री शोभेचं दारूकाम होतं, आम्ही पोचेपर्यंत संपलेलं, रस्त्यावर नुसता धूर आणि घरी निघालेली माणसं. लेकीने तासभर तोंड फुगवलं.

परतीचा दिवस

सकाळची हुतात्मा. मामीने शेंगाचटणी, कडक भाकरी, शेंगापोळ्या, दोन चादरी आणि आदल्या दिवशीचा उरलेला हुरडा बांधून दिला, आम्ही आलो त्यापेक्षा दोन पिशव्या जास्त. आईने चादरींचे पैसे द्यायचा प्रयत्न केला, मामाने ते लेकीच्या खिशात टाकले, लेकीने ठेवून घेतले.

गाडीत नवऱ्याचा फोन. त्या इंटरव्ह्यूवाल्यांचं नाही म्हणून कळलं. मी म्हटलं बरं. थोडा वेळ दोघं गप्प. मग मी म्हटलं ऐक, मला पेटी पाहिजे. तो म्हणाला आत्ता? मी म्हटलं आत्ता घे म्हणत नाही, पाहिजे एवढं सांगते, देवाला पण सांगितलंय, तुला पण सांगून ठेवते. तिकडून काही आवाज नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, मला पण एक पाहिजे आहे, हसू नकोस. त्याला कॉलेजपासून एकदा हम्पी बघायचंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला माहीतच नव्हतं. आई शेजारून म्हणाली, नोकरीचं पण सांगा म्हणावं त्याला, हम्पीच्या नादात ते राहायचं.

तर घरी येऊन आठवडा झाला. नोकरीचं अजून काही नाही, दुकानात जाणं चालू आहे, हप्ता गेला या महिन्याचा. आणि हडपसर, मांजरी, मगरपट्टा या बाजूला कुणाकडे जुनी पेटी पडून असेल आणि द्यायची असेल तर सांगा. डबल सुराची असली तर उत्तम, सिंगल पण चालेल. भाता फाटका असला तरी घेईन, मी दुरुस्त करून घेते. पैसे एकदम देता येणार नाहीत, दोन-तीन हप्त्यांत देईन.